कावळे म्हणजे मृत्यूच का?

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या ‘गव्हाच्या शेतावरील कावळे’ या चित्रातले कावळे ही मृत्यूची चाहूल आहे, असे म्हटले की ते आपल्याला चटकन पटते, कारण पिंडाला शिवणारा कावळा आपल्या मनात आधीच ठाण मांडून बसलेला असतो. पण नागपूरहून काटोलकडे जाताना पिकल्या गव्हावर पाखरे उतरताना ज्याने पाहिली आहेत, त्याला या कावळ्यांत आधी कापणीचा हंगाम दिसेल, आणि फ्रान्समधल्या ऑव्हेर या खेड्यात हे चित्र रंगवले गेले तो जुलै १८९० गव्हाच्या सुगीचाच काळ होता. हे त्याचे अखेरचे चित्र असल्याची समजूतही आता अभ्यासक मानत नाहीत. तो मान झाडांच्या मुळांच्या चित्राकडे जातो.

चित्रातली अस्वस्थता मला कावळ्यांपेक्षा मांडणीत अधिक जाणवते. उंचीच्या दुप्पट रुंद असा कॅनव्हास, वर जवळजवळ काळवंडलेले निळे आकाश, खाली पेटल्यासारखा पिवळा गहू आणि तीन वाटा, ज्यांतली मधली शेतात शिरून तिथेच संपते. त्यामुळे नजरेला विसावा मिळत नाही. त्याच सुमारास भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने अशा शेतांमधून दुःख आणि टोकाचे एकाकीपण दाखवायचा प्रयत्न केल्याचे सांगितले आहे. मात्र त्याच पत्रात, खेड्याच्या परिसरात जे निरोगी आणि बळ देणारे वाटते तेही ही चित्रे सांगतील, असे तो लिहितो. हे दुसरे वाक्य गाळून चित्राचा अर्थ लावणे मला अन्यायाचे वाटते.