टेबल सॉ घेतलाय, मॅन्युअलमधले शब्द कोणी नीट समजावून सांगेल का?

लाकूडवेडा:
टेबलातून गोल ब्लेड वर आलेलं लाकूड कापायचं मशीन आलंय, जोडून पण झालंय, पण मॅन्युअल पूर्ण समजल्याशिवाय प्लग लावायचा नाही असं ठरवलंय. अडचण अशी की कर्फ, रायव्हिंग नाइफ, पॉल, माइटर, नॉन-थ्रू कट असले शब्द पानोपानी आहेत आणि प्रत्येक इशारा त्यातल्याच कुठल्यातरी शब्दापाशी येऊन अडतो. आधी कुठले समजून घेऊ?

रंधा:
आधी किकबॅक, म्हणजे फळी उलटी तुमच्याकडे उडणं. तो कळला की बाकीचे निम्मे शब्द आपोआप कळतात. ब्लेडचे तुमच्या बाजूचे दात खाली जातात, लाकूड टेबलावर दाबून धरतात, पण मागचे दात वर येत असतात. फळी जराशी तिरकी झाली किंवा कापलेली चीर मिटून ब्लेडला चिकटली की हे मागचे दात तिला उचलून थेट तुमच्याकडे फेकतात, आणि त्या झटक्यात हात ब्लेडकडे ओढला जाऊ शकतो, मला तर फळी लागण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.

रायव्हिंग नाइफ यासाठीच आहे. नावात नाइफ असलं तरी धार नसते, ब्लेडच्या लगेच मागे उभी असलेली पोलादी पट्टी आहे ती, चीर मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांवर जाऊ देत नाही. ब्लेड वरखाली केलं की तीही सोबत जाते. जुन्या मशीनवरचा स्प्लिटर हेच काम करतो पण तो ब्लेडबरोबर वरखाली होत नाही, आणि ब्लेडपेक्षा उंच असतो म्हणून नॉन-थ्रू कटला, म्हणजे फळी आरपार न कापता नुसती खाच पाडायची असेल तेव्हा, काढावा लागतो. नाइफ ब्लेडच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असते, ती तेव्हाही राहू द्या. पॉल म्हणजे दातेरी आकडे, फळी मागे यायला लागली की तिच्यात रुततात.

कर्फ म्हणजे ब्लेड जेवढं लाकूड खातं ती रुंदी, साध्या ब्लेडची साधारण ३.२ मिमी, थिन कर्फची २.४ च्या आसपास. हा आकडा का बघायचा, तर नाइफ कर्फपेक्षा पातळ आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा थोडी जाड हवी. जाड नाइफवर थिन कर्फ ब्लेड लावलं तर फळी मध्येच अडते आणि मग लोक नाइफच काढून टाकतात, कृपया ते करू नका.

सुतारपक्षी:
वर छान लिहिलंय, फक्त फेन्स आणि माइटर गेज राहिलं. लाकडाच्या रेषेच्या दिशेने कापणं म्हणजे रिप कट, त्याला फेन्सचा, म्हणजे ब्लेडला समांतर बसवायच्या सरळ पट्टीचा, आधार. रेषेला आडवं म्हणजे क्रॉसकट, त्याला माइटर गेज, म्हणजे टेबलावरच्या खाचेतून सरकणारा, कोन लावता येणारा आधार. आरपार क्रॉसकट करताना दोन्ही एकत्र अजिबात वापरू नका, सुटलेला तुकडा फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये अडकतो आणि उडतो. फेन्स ब्लेडला समांतर आहे ना हेही बघा, मागच्या टोकाला आत झुकलेला असेल तर फळी मागच्या दातांवरच दाबली जाते.

लाकूडवेडा:
खूप मदत झाली दोघांची. मग फेदरबोर्ड, म्हणजे ती लवचिक दात्यांची पट्टी, ब्लेडच्या अगदी बाजूलाच लावायचा ना, फळी फेन्सला दाबून ठेवायला?

सुतारपक्षी:
नाही नाही, ब्लेडच्या अलीकडे, तुमच्या बाजूला, म्हणजे अजून न कापलेल्या भागावर. बाजूला लावला तर तो चीरच दाबून बंद करतो.

रंधा:
आणि हातमोजे नकोत, दातात अडकले तर हात आत ओढतात. अरुंद पट्टी कापताना पुश स्टिक, म्हणजे फळी पुढे ढकलायची काठी, हाताशी ठेवा, उभं राहायचं ते ब्लेडच्या सरळ रेषेत नाही, थोडं बाजूला. नाइफची जाडी बहुतेक तिच्यावरच छापलेली असते, ब्लेडवरच्या कर्फच्या आकड्याशी ताडून बघा आणि दोन्ही इथे टाका, मग सांगतो जुळतंय का.