अनुभव सांगा: कंबोडियातली कुय गावं, ख्रिस्ती काम आणि पितरांचं पान

मी नगरची, घरात चार पिढ्या ख्रिस्ती. कंबोडियाच्या उत्तरेला प्रेआ विहिअर प्रांतात एका मिशनच्या दवाखान्यात दोन वर्षं नर्स होते. त्या बाजूला कुणी राहिलं असेल तर लिहा प्लीज. धर्मांतर चांगलं की वाईट हा वाद नको, डोळ्यांनी पाहिलेलं सांगा.

कुय ही तिथली आदिवासी जमात, पूर्वी फ्नोम डेक म्हणजे लोखंडाच्या डोंगराजवळ लोखंड गाळायचे, आता भातशेती आणि प्रेय लाँगच्या जंगलात झाडांची राळ काढणं. भाषा त्यांची वेगळी, पण बऱ्याच घरांत आता देशाची मुख्य भाषा ख्मेरच बोलतात. म्हणायला बौद्ध, पण पोराला ताप आला की आधी अंगात येणाऱ्या आत्म्याला, म्हणजे आराकला, विचारणार कोण रागावलंय, मग कोंबडं, भाताची दारू, आणि मग आमच्याकडे. गावाच्या कडेला न्याक ताचं, म्हणजे गावाच्या राखणदाराचं, छोटंसं घर, आपल्याकडे म्हसोबा असतो तसं.

तिथे एक आजी होती, येय म्हणायचो आम्ही, येय म्हणजे आजीच. तिचा नातू बाप्तिस्मा घेणार होता. येशूबद्दल तिची काही तक्रार नव्हती. ती मला एवढंच म्हणाली, मी मेल्यावर मला भात कोण टाकेल?

त्यांचा फचुम बेन हा पितरांचा सण असतो ना, त्यातला बेन म्हणजे आपला पिंड. महिना फोत्रोबोत, म्हणजे भाद्रपद, आणि तेच वद्य पक्षाचे १५ दिवस, अगदी आपला पितृपंधरवडा. पहाटे काळोखात पॅगोडाभोवती भाताचे गोळे टाकतात, पितर सात पॅगोडे हिंडतात आणि कुठेच आपल्या माणसाने टाकलेलं मिळालं नाही तर शाप देतात असं मानतात. नातवाला पाळकांनी सांगितलेलं, त्या भाताला हात लावायचा नाही. मी येयचा हात धरून बसले, दुसरं काही जमलं नाही.

*

वसईहून लिहितोय. बट्टमबाँगला वर्षभर शिकवायला होतो, कुय नाही पण ख्मेर गावं जवळून पाहिली. आमच्या पॅरिशमध्ये उलटं होतं, त्याच दिवसांत चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा, लोक चिठ्ठ्यांवर नावं लिहून आणायचे. वसईत आपण २ नोव्हेंबरला थडग्यांवर मेणबत्त्या लावतो, पण तिथे १९७५ ते ७९ मध्ये मेलेल्यांची थडगी आहेतच कुठे? ख्मेर रूजने, म्हणजे तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीने, नॉम पेनचं कॅथेड्रल पाडून टाकलं, बिशप जोसेफ छमार सालास त्याच काळात उपासमारीने गेले. एका बाईने नऊ नावं लिहिली होती आणि शेवटचं तिच्या तान्ह्या भावाचं, त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं म्हणून तिने नुसतं 'बाळ' लिहिलेलं. त्या बाईला भात टाकू नको म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आणि तिथलं ख्रिस्ती काम नवं नाही. गोव्यामार्गे गेलेला डॉमिनिकन फादर गास्पार द क्रूझ १५५५ च्या सुमाराला कंबोडियाच्या तेव्हाच्या राजधानीत, लोवेकला, पोचला होता, राजाच्या परवानगीशिवाय कुणी धर्म बदलायला धजत नाही असं लिहून परत फिरला.

*

मी नागपूरचा, बौद्ध. थायलंडमध्ये सुरिनला कामानिमित्त सहा महिने होतो, तिथल्या गावांत घरी ख्मेर बोलतात पण शाळा थाईत, त्यामुळे ख्मेर लिपी बहुतेकांना येत नाही. एका चर्चमध्ये गेलो तर सगळं थाईत चाललेलं, म्हाताऱ्या गप्प बसून. शेवटी एका तरुणाने ख्मेरमधून प्रार्थना केली तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान वर केली.

पण लिहायचं वेगळंच होतं. माझ्या आजोबांनी १९५६ ला दीक्षाभूमीवर २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्यात श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही हीसुद्धा आहे, आणि आम्ही ती पाळतो. सुरिनला सेन दोनता हा पितरांचा सण असतो तेव्हा बौद्ध घरांत पितरांना ताट वाढलेलं पाहून मी हादरलोच. मग आजोबांची आई आठवली. ती भाद्रपदात कुणाला न सांगता कौलांवर घासभर भात ठेवायची, आजोबांना माहीत होतं, आणि ते काहीच बोलायचे नाहीत. ताई, तुमच्या येयचं वाचून तीच डोळ्यापुढे आली.

*

मी पुण्याची. एका गावात उपासनेला हजेरी घेऊन तांदूळ वाटताना पाहिलंय, ते मनाला लागलं. ज्यांना खरंच विश्वास आहे त्यांच्याकडेही मग गाव संशयाने बघतं.

*

पुन्हा मीच. पुण्याच्या ताई, हे मीही पाहिलंय, आणि त्याची लाज वाटते.

येय गेली. परवा नातवाचा मेसेज आला. शेवटच्या वर्षी ती पहाटे पॅगोडाला गेली तेव्हा तो बरोबर होता, गोळे तिनेच टाकले, याने फक्त टॉर्च धरला. आता पंधरवडा पुढच्या महिन्यात आहे आणि तो विचारतोय, मी काय करू? मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं झालं असेल तर काय केलंत ते लिहा, मी त्याला ख्मेरमध्ये कळवीन.