जुन्या लाकडी सामानाला रंग द्यावा की पुन्हा पॉलिश करावे?

कानस :

जुनी लाकडी वस्तू घरात आली की तिला पांढरा किंवा राखाडी रंग देऊन ‘नवी’ करण्याची पद्धत इतकी रूढ झाली आहे, की याला दुसरा काही मार्ग असतो हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. माझे मत स्पष्ट आहे. भरीव लाकडाच्या जुन्या वस्तूवर रंग चढवू नये; तिचे मूळ पॉलिश सुधारावे, आणि ते सुधारण्यापलीकडे गेले असेल तरच उतरवून पुन्हा करावे.

हे मत बनले ते लिहिण्याच्या एका लहानशा मेजामुळे. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यावर रंगाचे तीन थर होते: वर मळकट पांढरा, त्याखाली पोपटी आणि सर्वांत खाली तपकिरी. खणाची मूठ काढली तेव्हा तिच्या चकतीखाली नखाएवढा भाग रंगातून वाचलेला दिसला आणि त्यात शिसवाचे काळपट जांभळे पट्टे होते. उरलेले लाकूड मोकळे करायला मला अकरा दिवस लागले. एवढे करूनही ते पूर्ण मोकळे झालेले नाही, कारण शिसवाची रंध्रे उघडी असतात आणि त्यांत शिरलेला पांढरा रंग कशानेच निघत नाही. तिरप्या उजेडात मेजाची फळी अजूनही पिठाचा हात लागल्यासारखी दिसते. टाचणीने एकेक ठिपका टोकरण्याचा वेडेपणाही मी करून पाहिला आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की रंगाचा डबा उघडण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करावी. वस्तूच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर टेकवून ठेवावा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापूस तपकिरी झाला, तर ते चपडीचे, म्हणजे लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने थर मऊ पडला, तर ते बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर असते, जे १९२० च्या दशकापासून कारखान्यांत सर्रास वापरले जाऊ लागले. दोन्हींना दाद दिली नाही, तर पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक वॉर्निश, असण्याचा संभव अधिक. चपडी निघाली तर काम फारच सोपे होते, कारण चपडीचा नवा हात जुन्या थराला थोडा विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो आणि जुने खरवडण्याची गरजच उरत नाही. सौम्य साबणाच्या पाण्यातून घट्ट पिळलेल्या फडक्याने मळ काढावा, टर्पेंटाइनने जुने मेण काढावे आणि मगच निर्णय घ्यावा. लाकूड काळे पडले म्हणून ज्या वस्तूंवर रंगाचा ब्रश फिरतो, त्यांतल्या कित्येकांवर लाकूड काळे झालेलेच नसते, मेण आणि धूळ साचून काळी झालेली असते.

रंगपेटी :

कानस, आपल्या मेजाखाली शिसव निघाले म्हणून ही हकीकत सांगण्याजोगी झाली. त्याखाली तीन वेगवेगळ्या झाडांच्या फळ्या, चार गाठी आणि लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवलेले एक भगदाड निघाले असते, तर आपण हा धागा काढला असता का? जुन्या सामानातल्या बऱ्याच वस्तूंखाली नेमके हेच असते, कारण त्या रंगवण्यासाठीच बनवलेल्या होत्या.

इंग्लंड-अमेरिकेतल्या अठराव्या शतकातील विंडसर खुर्च्यांचे उदाहरण घ्या. त्यांची बैठक एका लाकडाची, पाय दुसऱ्या आणि पाठीच्या काड्या तिसऱ्या लाकडाच्या असत, कारण बैठकीसाठी कोरायला सोपे लाकूड हवे असे आणि काड्यांसाठी वाकणारे. ही सरमिसळ झाकावी म्हणून त्या रंगवल्या जात; हिरवा रंग विशेष चालत असे. पुढे ‘खरे लाकूड’ पाहण्याच्या हौसेपायी त्यांतल्या कित्येक खरवडल्या गेल्या, आणि आता मूळ रंग टिकून असलेली खुर्चीच संग्राहकांना अधिक मोलाची वाटते. पुढे ब्रिटनमध्ये १९६०-७० च्या दशकांत पाइनच्या सामानाचीही अशीच गत झाली. दारे आणि कपाटे कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून रंग उतरवला गेला. त्यात सरसाचे सांधे सुटले आणि लाकडाचे तंतू फुगून पृष्ठभाग खरखरीत झाला. तेव्हा लाकडाचे नुकसान रंगाने केले की लाकूडप्रेमाने, याचा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

माझ्याकडचे कपाट मी नऊ वर्षांपूर्वी रंगवले. त्याआधी ते अडगळीत होते आणि कोणी घेत नव्हते, म्हणूनच ते माझ्याकडे आले. आज त्यात रोजचे कपडे आहेत. एखादी वस्तू पुढच्या पिढीतल्या कोणा जाणकारासाठी जपून ठेवण्यापेक्षा ती आज वापरात राहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि अकरा दिवस प्रत्येकाकडे नसतात.

वाचनमात्र :

एक प्रश्न, जरा तातडीचा. ते तीन थर आपण कसे उतरवलेत? जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पांढऱ्या आणि पिवळ्या रंगांत, शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांमधील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, तर अनेक देशांत त्यानंतर बऱ्याच काळाने. असा रंग शाबूत आहे आणि सुटत नाही, तोवर त्याचा उपद्रव कमी असतो. तो कोरडा घासला की त्याची धूळ होते, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूसाठी घातक असते. ‘रंग लावू नका, असलेला उतरवा’ हा सल्ला देताना ही गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी होती.

कानस :

आक्षेप पूर्णपणे मान्य. पहिल्या दिवशी मी कोरडाच काचकागद चालवला, ही चूक होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतर उघड्यावर, अंगणात, जेलसारखे रंग काढण्याचे द्रावण लावून, थर मऊ झाल्यावर बोथट पटाशीने ओला रंग उचलला आणि खाली अंथरलेल्या प्लास्टिकसकट गोळा केला. द्रावण निवडताना डब्यावर मिथिलीन क्लोराइडचे नाव नाही ना, हेही पाहावे. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसे दगावलेली आहेत आणि अमेरिकेत २०१९ पासून ते घातलेले रंग काढण्याचे द्रावण किरकोळ ग्राहकांना विकण्यास मनाई आहे.

रंगपेटी, विंडसर खुर्चीवरचा अठराव्या शतकातला रंग हेच तिचे मूळ रूप आहे आणि तो कोणी काढू नये, हे माझ्याच म्हणण्याला धरून आहे. मी मूळ पॉलिश वाचवा म्हणतो, आपण मूळ रंग वाचवा म्हणता. माझा वाद पॉलिश केलेल्या वस्तूवर आज चढवल्या जाणाऱ्या रंगाशी आहे.

जुना सांधा :

वरचे सगळे वाचले. मला वाटते दोन्ही बाजू चुकीच्या गुन्हेगारामागे लागल्या आहेत. रंगाने जुने लाकूड सहसा मरत नाही आणि पॉलिशने ते जगत नाही. ते मरते काचकागदाने, आणि तो रंगवणारे आणि पॉलिश करणारे सारख्याच उत्साहाने चालवतात.

वर्षानुवर्षांच्या उजेडाने लाकडाला आलेला रंग फळीत आरपार गेलेला नसतो. सागाचा मधासारखा तपकिरीपणा किंवा महोगनीचा गडद लालपणा वरच्या काही दशांश मिलिमीटरमध्येच असतो. ऐंशी नंबरचा, म्हणजे भरड, कागद लावून यंत्राने एकदा फिरवले की तो भुशाबरोबर जातो, आणि मग बाजारात तयार मिळणारा ‘अँटिक’ छटेचा स्टेन लावून त्याची नक्कल करावी लागते. विनीर, म्हणजे साध्या लाकडावर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर हानी याहून मोठी. हाताने करवतलेले जुने विनीर एक-दोन मिलिमीटर जाड असे. यंत्राने सोललेले अलीकडचे विनीर साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. माझ्या हातून एका मेजाच्या कडेला असे झाले आहे: आधी रेषा फिकट झाल्या, मग मध्येच एक पिवळसर बेट दिसले आणि कागद थांबवेपर्यंत ते बेट तळहाताएवढे झाले. ते खालचे लाकूड होते. त्यावर उपाय नाही. त्या कोपऱ्यावर आता दिवा ठेवलेला असतो.

आता रंगाविषयी. खालचे चपडीचे किंवा लॅकरचे पॉलिश शाबूत ठेवून वरून रंग दिला, तर तो रंध्रांत पोहोचत नाही, आणि पुढे कोणाला काढावासा वाटला तर पॉलिशसकट सुटून येतो. कानस यांच्या मेजावर पांढरे ठिपके राहिले याचा अर्थ इतकाच, की पहिला रंग देणाऱ्याने आधी लाकूड उघडे पडेपर्यंत घासले होते.

कानस :

हे मला सुचले नव्हते, आणि बहुधा ते बरोबर आहे. मूठ काढल्यावर दिसलेला तो नखाएवढा भाग गुळगुळीत होता. चकतीच्या कडेबाहेर मात्र लाकडावर बारीक आडवे ओरखडे होते. तेव्हा त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही.

तरीही व्यवहारात काय घडते ते पाहा. मेण आणि तेल मुरलेल्या चकचकीत पृष्ठभागावर रंग धरत नाही, म्हणून रंगवायला बसलेला माणूस आधी घासायलाच लागतो. पॉलिश सुधारणाऱ्याला कागदाची गरज पडेलच असे नाही. शिवाय लाकूड हवेतल्या ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेला फुगते आणि आक्रसते. जाड रंगाने चौकट आणि तिच्यातली फळी एकमेकांना चिकटली की कोरड्या ऋतूत नेमक्या त्या सांध्यावर रंगाला भेग जाते.

रंगपेटी :

भेगेचा मुद्दा खरा आहे. माझ्या कपाटाच्या डाव्या दाराला ती आहे. दर काही महिन्यांनी ती उघडते आणि पुन्हा मिटते.

घासण्याबाबत मात्र आपला समज अपुरा आहे. मेण टर्पेंटाइनने नीट काढले, २२० नंबरच्या कागदाने फक्त चमक मोडण्यापुरता एक हात फिरवला आणि वर चपडीचा प्राइमर दिला, की रंग धरतो. ओक किंवा महोगनीसारख्या लाकडावर तर तो प्राइमर द्यावाच लागतो, कारण त्यांच्यातली रंगद्रव्ये पाण्याच्या रंगातून वर येतात आणि पांढऱ्या दारावर गुलाबी-तपकिरी डाग उमटतात. तिसरा हात दिल्यावरही डाग वर आलेला पाहण्याचा अनुभव मी घेतलेला आहे. चौथ्यांदा चपडी लावली तेव्हा तो थांबला.

कानस :

म्हणजे आपल्या रंगाखालीही शेवटी चपडीच निघाली. मला यातून जो आनंद झाला आहे तो मी मर्यादेत ठेवतो.

धूळभेट :

भरीव लाकूड आणि विनीर यांतला फरक घरच्या घरी ओळखता येतो का? वाचून आता कागदाला हात लावायची भीती वाटते.

जुना सांधा :

येतो. वरच्या फळीच्या ज्या टोकाला लाकूड आडवे कापलेले असते, ते टोक पाहा. वर दिसणाऱ्या रेषा कडेवरून वळून त्या कापावर पुढे चालू राहिल्या, तर लाकूड भरीव आहे. कडेलगत एक बारीक सरळ रेघ दिसली आणि तिच्याखाली वेगळेच लाकूड असले, तर ते विनीर आहे. फळीच्या खालच्या बाजूचीही वरच्याशी तुलना करावी. वर एखादी मोठी गाठ आहे आणि खाली तिचा मागमूस नाही, तर शंका घ्यावी.

आणखी एक, विषयाला धरूनच. पॉलिशऐवजी जवसाचे तेल देणार असाल, तर तेलाची फडकी गोळा करून टोपलीत टाकू नयेत. ते तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते आणि चुरगळलेल्या ढिगात ती साठून फडकी आपोआप पेट घेतात. ती एकेक करून उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

रंगपेटी :

रंगवायच्या रांगेत माझ्याकडे चार खणांचे एक जुने मेज आहे. या चर्चेमुळे काल त्याच्या पाठीमागे दोन्ही बोळे टेकवून पाहिले. स्पिरिटचा कापूस स्वच्छ राहिला, थिनरचाही स्वच्छ. म्हणजे कानस यांच्या हिशेबाने पॉलियुरेथेन, ज्यात काही विरघळून एकजीव व्हायचे नाही.

कानस :

पॉलियुरेथेन असले तरी रंगच द्यावा लागतो असे नाही. बारीक कागदाने चमक मोडून, धूळ पुसून, त्याचाच एक पातळ हात वरून देता येतो. तो जुन्यात विरघळत नाही, पण ओरखड्यांत धरून राहतो. समोरचे दर्शनी लाकूड कसे आहे?

रंगपेटी :

साधे आहे, रेषा फिक्या आणि एका खणाच्या तोंडावर लांबी भरलेली. म्हणून बाहेरून निळा रंग देण्याचा बेत मी बदललेला नाही. वरची फळी तेवढी आपल्या पद्धतीने करून पाहीन, आणि ती बिघडली तर तिलाही निळा देईन. खणांच्या आत मात्र ब्रश जाणार नाही. तिथे मागच्या फळ्यांवर सुताराने पेन्सिलीने एक ते चार आकडे घातलेले आहेत, आणि तिसरा खण दुसऱ्याच्या जागी सरकवला की तो अर्ध्यावर अडतो.