घरची मोका, कॅरॅमल आणि हेझलनट कॉफी: कोको तळाशी, तेल वर

प्रश्न (कडक_फिल्टर)
पितळी फिल्टरचं डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क), 80:20 कॉफी-चिकोरी (भाजलेल्या मुळाची कडवट पूड), म्हशीचं दूध. तीन अडचणी आहेत. मोकात (चॉकलेटच्या स्वादाची कॉफी) कोकोच्या गुठळ्या होऊन तळाशी गाळ बसतो. कॅरॅमल कपात पडताच दगड होतं. हेझलनटची पेस्ट घातली की वर तेलाचा तवंग येतो. बाजारचं सिरप नको आहे.

मंद_आच
कोको दुधात कधीच थेट टाकू नका. तो पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण नुसते दुधात पसरतात आणि हळूहळू तळाशी बसतात, आणि त्यातल्या स्निग्धांशामुळे लवकर भिजतही नाही. एका कपाला (150 मिली) दोन सपाट चमचे कोको आणि दोन चमचे साखर आधी कोरडीच एकत्र करा. त्यावर दोन मोठे चमचे उकळतं पाणी घालून घोटा. ही पेस्ट मंद आचेवर अर्धा मिनिट शिजवा. कोकोतला स्टार्च फुगतो, दाटपणा येतो आणि गाळ बराच कमी बसतो. मग 40 मिली डिकॉक्शन, शेवटी गरम दूध. डिकॉक्शन मात्र उकळू नका, कडवट होतं. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यात बहुतांशी साखरच असते, ते इथे कामाचं नाही.

पाकतज्ज्ञ
कॅरॅमल दगड होतं कारण त्यात पाणी उरलेलंच नसतं. 100 ग्रॅम साखर, 30 मिली पाणी, लिंबाच्या रसाचे चार थेंब, जाड बुडाचं पातेलं. साखर विरघळली की चमचा बाहेर. ढवळत राहिलात तर पाक परत साखर धरतो. रंग गडद मधासारखा झाला (साधारण 170 अंश) की गॅस बंद करा आणि 80 मिली गरम पाणी थोडं थोडं घाला. जोरात उसळतं, हात लांब ठेवा. गार पाणी घातलंत तर उसळी आणखी वाढते आणि पाकाचे खडे होतात. खडे झालेच, तर मंद आचेवर पुन्हा वितळवा. चिमूटभर मीठ घाला. कपाला दीड-दोन चमचे पुरे.

तुमच्या डिकॉक्शनमध्ये चिकोरी आहे, म्हणून रंग याहून काळा होऊ देऊ नका. करपलेला पाक आणि चिकोरी मिळून नुसता कडवटपणा उरतो. साखरेऐवजी गूळ वापरणार असाल, तर उकळत्या दुधात घालू नका, दूध फाटू शकतं.

कडक_फिल्टर
आणि तेलाचा तवंग?

मंद_आच
पेस्ट घालूच नका, दुधात स्वाद उतरवा. 30 ग्रॅम हेझलनट मंद आचेवर आतपर्यंत खरपूस भाजा, फडक्यात चोळून सालं काढा (सालं तुरट असतात), भरड कुटा. 200 मिली गरम दुधात झाकून वीस मिनिटं ठेवा आणि मलमलीतून गाळा. पिळताना फार जोर लावू नका, तेल उतरतं. हेझलनट महाग वाटले तर बदाम घ्या. काजूने फक्त दाटपणा येतो, वास जवळजवळ नाही.

तुरीन_प्रेमी
चॉकलेट आणि हेझलनटची जोडी जमते कशी, ते पाहायचं तर इटलीतल्या तुरीनकडे पाहा. तिथलं जांदूया म्हणजे हेझलनट आणि चॉकलेटच. तिथल्याच बिचेरीन या पेयात कॉफी, चॉकलेट आणि मलई हे तीनच घटक, थर न ढवळलेले. म्हणून एका कपात एक मुख्य स्वाद, फार तर दुसरा मागे. तिन्ही भरपूर घातले की कॉफीच हरवते.

पाकतज्ज्ञ
थंड कॉफी करणार असाल तर वितळवलेलं चॉकलेट टाळा. त्यातलं कोको बटर बर्फावर गोठतं आणि तोंडात कण लागतात. वरची शिजवलेली कोको पेस्टच वापरा. कॅरॅमलचं पाणीदार सिरप मात्र थंड दुधातही सहज मिसळतं.