मदत हवी आहे: एकाच ओळीत मराठी, गुजराती, इंग्रजी. माऊसला हात न लावता भाषा कशी बदलावी?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची. आजोबांची हस्तलिखित वही वर्डमध्ये उतरवते आहे. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते, नवसारी प्रांतात वहिवाटदार (तालुक्याचा महसुली अधिकारी) कचेरीत कारकून. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तिथपर्यंतच्या नोंदी वहीत आहेत.

त्यांची लिहिण्याची पद्धत अशी: निवेदन मराठीत, खेडूत काय म्हणाला ते गुजराती लिपीत जसंच्या तसं, आणि कायद्याचा शब्द आला की इंग्रजीत. हे सगळं पुष्कळदा एकाच ओळीत. सगळं देवनागरीत आण, लवकर उरकेल, असं घरचे म्हणतात. पण शेतकऱ्याचं बोलणं त्याच्याच भाषेत राहावं हे आजोबांनी ठरवून केलेलं आहे, ते मी पुसणार नाही.

विंडोज ११ आहे, मराठी आणि गुजराती दोन्हींना इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-रचना. विंडोज + स्पेसने भाषा बदलते, पण रांगेने. शिफ्टही धरलं तर रांग उलटी फिरते. म्हणजे आपण आत्ता कोणत्या भाषेत आहोत हे सतत ध्यानात ठेवायचं. इन्स्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांतल्या एका अक्षराला एकच जागा असते; क दोन्हीकडे के वर, ळ दोन्हीकडे शिफ्ट + एन वर. गुजराती टायपिंग त्यामुळे वेगळं शिकावं लागलं नाही, मात्र बोटांना फरकही कळत नाही. नजर वहीवर, आणि ओळ संपल्यावर दिसतं की सगळी मराठी गुजरातीत उमटली आहे.

प्रत्येक भाषेला स्वतःची वेगळी की देता येते का? आणि अशा कामात वर्डचे कोणते शॉर्टकट खरोखर उपयोगी पडतात? कंट्रोल + सी, व्ही, झेड येतात. इंटरनेटवरच्या शंभर-शंभर शॉर्टकटच्या याद्या नकोत, रोजच्या वापरातले सांगा.

प्रतिसाद १

ताई, देता येते. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज. यादीतली भाषा निवडून चेंज की सीक्वेन्स दाबा आणि डावा ऑल्ट + शिफ्ट + १ मराठीला द्या, २ गुजरातीला, ३ इंग्रजीला. मग आधी कुठे होतात याने काही बिघडत नाही. मराठी हवी की १, संपलं. आधीच मराठीत असाल तरी दाबा, मराठीच राहते. गुजराती वाक्य संपलं की न बघता १ दाबायची सवय लावा.

त्याच पानावर प्रत्येक अ‍ॅपला वेगळी भाषा ठेवायचा पर्याय आहे, तोही चालू करा. ब्राउझरमध्ये इंग्रजीत काही शोधून आलात तरी वर्ड मराठीतच सापडेल.

प्रतिसाद २

मी मंडळाच्या स्मरणिकेचं टायपिंग करतो, त्यावरून सांगतो. जोडाक्षर दुरुस्त करताना बॅकस्पेस आणि डिलीट यांतला फरक फार कामाचा. बॅकस्पेस फक्त शेवटचं चिन्ह खोडतं, म्हणजे ‘स्ती’ मधली वेलांटी तेवढी जाते. डिलीट मात्र अख्खं अक्षर उडवतं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं तर अक्षराच्या पुढे जाऊन बॅकस्पेसच वापरा. कंट्रोल + बॅकस्पेसने पूर्ण शब्द जातो, कंट्रोल + बाणाने शब्दागणिक सरकता येतं.

शिफ्ट + एफ५ ने जिथे शेवटचा बदल केला तिथे परत जाता येतं. मागची पानं चाळून आल्यावर याच्याइतकं सोयीचं काही नाही. तळटिपेला ऑल्ट + कंट्रोल + एफ. वहिवाटदार, महाल (तालुका), सुभा (प्रांताचा प्रमुख अधिकारी) या शब्दांना तुम्हाला टिपा द्याव्याच लागतील, आजच्या मुलांना ते कळायचे नाहीत. पुन्हा पुन्हा येणारा मजकूर विंडोज + व्ही मध्ये पिन करा. तिथे कॉपी केलेल्या २५ गोष्टी राहतात, आणि पिन केलेल्या संगणक बंद केला तरी जात नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. १, २, ३ लावून पाहिलं. सारावसुलीची नोंद, तिन्ही भाषांची, वहीवरची नजर न हलवता पूर्ण उतरली. तळटिपांना आज रात्रीच बसते. गुजराती वाक्यांचा अर्थ तळटिपेत द्यावा की पुढे कंसात, याबद्दल कोणी अशा वह्या उतरवल्या असतील तर जरूर सांगा.