डीपी जुनी म्हणून नवं सोलर का अडवायचं?

गच्चीकर
कालच्या चर्चेत एका अभियंत्यांनी लिहिलं, ‘डीपीची, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरची, क्षमता भरली की त्या लाइनवरचे गच्चीवरच्या सोलरचे अर्ज थांबवावेत.’ का थांबवावेत? केंद्राच्या २०२४ च्या नियमात १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीच लागत नाही आणि ५ किलोवॅटपर्यंत डीपी-तारांचं काम वितरण कंपनीने स्वखर्चाने करायचं आहे. डीपी जुनी हा ग्राहकाचा गुन्हा आहे का?

तारतंत्री
लिहिणारा मीच. नियमाने व्होल्टेज खाली येत नाही. भर दुपारी घरं बंद, आणि वीस गच्च्या एकदम लाइनवर वीज ढकलतात. २३० व्होल्टचं २५३ च्या वर गेलं की सोलरची वीज लाइनला जोडणारे इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात, मग फोन लाइनमनला! आणि तो ‘स्वखर्च’ शेवटी वीजदरातच येतो. गच्ची नसलेल्या भाडेकरूने का भरायचा?

गच्चीकर
मग अर्ज नका अडवू, बाहेर सोडायची वीज कमी करा. दक्षिण ऑस्ट्रेलियात लाइनवरच्या ताणाप्रमाणे ती दीड ते दहा किलोवॅट अशी कमीजास्त होते.

शिवारातून
गच्च्यांचं राहू द्या. साध्या कनेक्शनचं कोटेशन भरून बसलो, आता म्हणतात सौरपंपच घ्या. बोअर चारशे फूट, पंप पाच एचपीचा. आभाळ आलं की धार बारीक, गहू अर्धवट भिजला. आम्हाला तार हवी!

जुन्नरची लेक
तार हवी? मग शेतीच्या विजेच्या रात्रपाळीला टॉर्च घेऊन उसात जा. बिबट्याच्या भीतीने आई दाराशी जागी बसायची. सौरपंप आल्यापासून बाबा दिवसा पाणी देतात. तुम्हाला नाही कळायचं ते.

शिवारातून
जपून बोला. माझ्या चुलत्याला रात्री मोटार चालू करायला गेल्यावर साप चावला. दिवसा वीज तारेनेही देता येते, शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून येणाऱ्या लाइनला, सौर प्रकल्पाची वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे ना? आमच्या फीडरला का नाही?

जुन्नरची लेक
चुलत्यांचं ऐकून वाईट वाटलं. तरी चारशे फुटांना पाच एचपी देणाऱ्याचं पाप सोलरच्या माथी मारू नका.

तारतंत्री
वाहिनीचं पटतं. सबस्टेशनजवळच वीज तयार होते, लांबच्या लाइनवर भार येत नाही. गच्चीकर, अर्ज घ्या म्हणता तर घेऊ. पण दुपारी कापलेल्या युनिटांचे पैसे मागायचे नाहीत.

गच्चीकर
नाही मागत. डीपी कधी बदलणार ती तारीख मात्र लेखी द्या, नाहीतर ही कपात कायमचीच होऊन बसेल.