छोट्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून लिनक्स : मिंट घ्यावं की लुबुंटू?

नाट्यवेडा, डिचोली

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ११.६ इंची लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी, विंडोज १०. आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं. त्याची संहिता मी टाइप करतो आणि प्रयोगाला हाच लॅपटॉप मांडीवर घेऊन विंगेत प्रॉम्प्टिंगला बसतो. हलका आहे, म्हणून तो मला सोडायचा नाही. पण विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि ११ साठी याचा प्रोसेसर चालत नाही.

विंडोज पूर्ण काढता येत नाही. जुन्या संहिता श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि मुलगी टॅली शिकते. तेव्हा विंडोज आणि लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम; मिंट, लुबुंटू हे तिचेच प्रकार) दोन्ही हवीत. मिंट की लुबुंटू? आणि काही पुसलं तर जाणार नाही ना, ही खरी धास्ती.

फोंड्याची शिक्षिका

भाऊ, संहितांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून, ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. तोवर पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या भागांना, हात लावू नका. गावच्या नाटकाच्या संहिता पुन्हा कुठे विकत मिळत नाहीत.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एनक्रिप्शन', म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का ते पाहा. छोट्या लॅपटॉपवर ते पुष्कळदा आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातली ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि एनक्रिप्शन बंद करा. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की विंडोज तीच की मागतं. ती हाताशी नसेल तर आपल्याच फायली आपल्याला उघडत नाहीत.

'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा. ते चालू असलं की शटडाउन म्हटल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपला काही भाग डिस्कवर जपून ठेवतं. अशा वेळी लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं, आणि ते बरोबरच आहे.

लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून, विंडोजचा भाग कमी करून काढा. मिंट किमान २० जीबी मागतं, तुम्ही ३५-४० द्या. तेवढी सुटत नसेल तर हायबरनेशन (चालू काम डिस्कवर ठेवून बंद होण्याची सोय) बंद करून पुन्हा बघा. हे काम बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असतानाच करा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही.

निवडीचं म्हणाल तर मिंट, त्यातली हलक्या डेस्कटॉपची एक्सएफसीई आवृत्ती. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ वर नीट चालते. लुबुंटूचा डेस्कटॉप आणखी हलका आहे हे खरं, पण रॅम खातो तो ब्राउझर, आणि तो दोन्हीकडे सारखाच खातो.

पेनड्राइव्हवरून मिंट आधी नुसतं चालवून बघा. वायफाय, आवाज आणि झाकण मिटून उघडल्यावर पडदा येतो का, एवढं तपासा. शेवटचं तुम्हाला विंगेत लागणार. सगळं जमलं तरच इन्स्टॉल करा. तिथे 'विंडोजसोबत' हा पर्याय निवडायचा, 'डिस्क पुसून' हा नाही.

श्रीलिपीच्या फायली लिनक्समध्ये नुसत्या उघडल्या तर अक्षरं भलतीच दिसतील. चालू नाटकांच्या तेवढ्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, करून घ्या. इन्स्क्रिप्टचा कळफलक दोन्हीकडे तोच असतो, त्यामुळे बोटांना पुन्हा शिकवावं लागत नाही.

मडगावकर

ताईंशी सहमत. भर एवढीच : लुबुंटू २४.०४ ला अपडेट एप्रिल २०२७ पर्यंतच आहेत, मिंट २२ ला २०२९ पर्यंत. संहिता सांभाळायच्या मशीनवर मी जास्त वर्षंवालंच टाकेन. वायफाय ओळखलं नाही तर मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरा, ड्रायव्हर तिथून उतरवता येतो.

नाट्यवेडा, डिचोली

झालं! मिंट बसलं. चालू करताना दोन्ही नावं दिसतात, श्रीलिपी आणि टॅली जागच्या जागी आहेत. एनक्रिप्शन खरोखरच चालू होतं. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी ते कधी पाहिलंच नसतं. झाकण उघडलं की पडदा लगेच येतो.

एकच अडचण : विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे असतं. मुलगी विचारते, बॅटरी गेली का?

फोंड्याची शिक्षिका

बॅटरी ठीक आहे हो. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ इथली म्हणून वाचतं, आणि आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत. मिंटमध्ये टर्मिनल (आदेश टाइप करायची खिडकी) उघडा. टाइमडेटसीटीएल या आदेशाने आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवता येतं. नेमकी ओळ तुम्हाला निरोपात पाठवते, तशीच चिकटवा. नंतर विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा जुळवून घ्या.